वाक्य तिथं पुरावा

केशरबाईंचा अर्ज नामंजूर होणार होता. पण तो होणारच नाही असं धरून चालू. केशरबाईही तसंच धरून सकाळपासून तालुक्याच्या कचेरीत बाकावर बसल्या होत्या. वस्तीवरचा हापसा बंद पडून तीन महिने झाले होते. पाणी दोन किलोमीटरवर, वय पासष्ट.

हापसा दुरुस्तीचा अर्ज शेजारच्या प्रेमानंदनं लिहिला होता. हिंगोलीत मराठी घेऊन एम.ए. झालेला, नोकरी न लागलेला. वस्तीत अलंकारांना गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यानं सगळे एकाच अर्जात वापरून टाकले.

कारकून शिवहार यांनी फाईल उघडली. त्यांचा नियम साधा होता : वाक्य तिथं पुरावा.

“‘आमचा हापसा मरण पावला.’ मृत्यूचा दाखला कुठाय?”

“साहेब, ती चेतनागुणोक्ती हाय,” सोबत आलेला प्रेमानंद म्हणाला.

“त्याचा रकाना न्हाई आपल्याकडं. पुढं. ‘डोंगराएवढे हंडे वाहून राहिलो.’ मोजले कुणी?”

“अतिशयोक्ती हाय ती.”

“मंग कमी करून आणायची ना, बाबा. मला काहून तकलीफ?”

केशरबाईंनी डोक्यावरचा पदर सरकवला. हंड्याखाली चुंबळ ठेवून ठेवून टाळूवरचे केस गेले होते. शिवहारांनी बराच वेळ पाहिलं.

“हे बराबर हाय,” ते थकून म्हणाले. “पण हे अर्जात लिहिलेलं न्हाई.”

प्रेमानंदनं मान खाली घातली.

“आन् हे शेवटी. ‘मायबाप सरकार.’ सरकार तुमचे मायबाप असल्याचा पुरावा?”

“साहेब, रूपक...”

“गप रे लेकरा,” केशरबाई म्हणाल्या. “न्हाई साहेब. पुरावा न्हाई. मीबी लई दिस हुडकला.”

शिवहारांनी तांबड्या पेनानं शेरा मारला : ‘शासन अर्जदाराचे मायबाप असल्याचे सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर.’ वर शिक्का मारला. शिक्का मात्र एकदम ठसठशीत उठला.

शेरा मारलेला कागद घेऊन केशरबाई पुन्हा बाकावर येऊन बसल्या.

“दुसरा लिही, प्रेमानंदा. आता एकबी अलंकार घालू नको. पुरावा जोड. त्यायचाच कागद हाय.”

त्या सांगत गेल्या, तो लिहीत गेला. खाली केशरबाईंनी अक्षराला अक्षर जुळवून सही केली. अर्ज असा होता :

‘अर्जदारास मायबाप नसल्याचे आपल्याच कार्यालयाने आजच्या शेऱ्यान्वये मान्य केले आहे. प्रत सोबत जोडली आहे. सबब अर्जदार, वय वर्षे ६५, हिला अनाथ बालक समजून, नळ चालू असलेल्या कोणत्याही शासकीय बालगृहात दाखल करून घ्यावे, ही नम्र विनंती.’