नकाराची नोंद

मिरजेतल्या लॉजच्या दाराने हेमांगीला विचारलं, "तुमची आठवण ठेवू का?"

"नको," ती घाईने म्हणाली. मारकुट्या नवऱ्याला माग लागू नये म्हणून महिनाभर ती प्रत्येक दाराला हेच सांगत आली होती.

"अगं पोरी," काउंटरवरच्या मावशी कुजबुजल्या, "पुन्हा विचारायला नको म्हणून दार तुझा नकारसुद्धा नावानिशी लिहून ठेवतं. ती यादी घरच्या खात्यावर घरातल्या कुणालाही दिसते. कुणी सांगितलं नाही तुला?"

हेमांगीने मनात उजळणी केली. काल मिरज स्टेशनात नकार, आज सकाळी समोरच्या खानावळीत नकार. तिने पिशवी उचलली.

"मागचं दार कुठंय?"

"तेही विचारतं गं."

एवढ्यात पुढच्या दाराने कुणाला तरी विचारलं, "तुमची आठवण ठेवू का?"

"खुशाल ठेव," ओळखीचा आवाज म्हणाला.