तयार धडे

क्रमांकाच्या कागदावर तळाला ‘हौशी’ असा शब्द छापलेला होता. साहेबांनी तो वाचला, कागदाची खालची पट्टी आत दुमडली, नखाने घडी नीट दाबली आणि मगच तो छातीवर लावला.

‘तूही दुमड,’ ते बायकोला म्हणाले. ‘हौशी म्हणे. आपण काय नाटकात काम करतोय?’

‘राहू द्या हो. मी हौशीच आहे,’ ती म्हणाली आणि बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकली.

कर्ण्यावरून एक जण पुन्हा पुन्हा सांगत होता की कागद दुमडू नका, मागे वेळ मोजणारी पट्टी चिकटवलेली आहे. साहेबांना ते ऐकू आले नाही. ते शेजारच्या अनोळखी माणसाला श्वास कसा घ्यावा हे शिकवत होते.

शर्यत पाच किलोमीटरची होती. अर्ध्या तासाच्या आत पोहोचेल त्याला रोजचा सराव घेणारा कोच आपल्या पुढच्या तुकडीत घेणार होता. त्या तुकडीत आपली निवड झाल्यातच जमा आहे, असे साहेबांनी कचेरीत, सासुरवाडीत आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसूनही सांगितले होते. सोमवारी हाताखालच्या सगळ्यांना बोलावून शर्यतीने शिकवलेले धडे त्यांना सांगायचे, हेही ठरले होते. धडे तयार होते, शर्यत तेवढी व्हायची होती.

बायकोला त्यांनी बळेच सरावाला आणले होते. एवढे लोक आपल्या पुढे जात असताना निदान घरचे कोणी मागे असलेले बरे. रोज सकाळी त्यांच्या मागे पळता पळता तिला पळणे आवडू लागले, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. त्या तुकडीत बायका चालतात का, हे तिने कोचला विचारून घेतले होते. तेही हळूच.

शिट्टी झाली. साहेब सुटले ते मागे कुत्रे लागल्यासारखे. बँकेपर्यंत ते लोकांना मागे टाकत गेले. दवाखान्यापासून पुढे लोक त्यांना मागे टाकत गेले. पुलावर एका आजोबांनी त्यांना ओलांडले, तेव्हा आजोबा मधल्या वाटेने आले असणार, असे ते पाणी वाटणाऱ्याला म्हणाले. एवढ्याशा वाक्यात त्यांना तीनदा थांबावे लागले.

शेवटच्या वळणावर बायको त्यांच्या बरोबरीला आली. तिची चाल एकसारखी होती आणि तोंड मिटलेले होते. समोर कमान दिसत होती. कमानीवरच्या घड्याळात अर्धा तास अजून भरला नव्हता. ती पुढे निघाली तसा साहेबांनी तिचा दंड धरला.

‘अगं, हळू. कचेरीतले लोक उभे आहेत तिथे. मला आधी जाऊ दे.’

तिने घड्याळाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले आणि पाय आवरले. साहेब दोन्ही हात उंचावून कमानीखालून गेले. जणू गड जिंकून आले.

शर्यत पुरी केलेल्यांची नावे वेळेसकट फलकावर लागली. बायकोचे होते, साहेबांचे नव्हतेच. संगणकापाशी बसलेल्या मुलीने त्यांच्या छातीवरची घडी उलगडली. मागची पट्टी बरोबर मधोमध मोडली होती.

‘काका, तुमची नोंदच नाही,’ ती म्हणाली. ‘यंत्राच्या मते तुम्ही पळालाच नाहीत.’

साहेबांनी आधी यंत्राला नावे ठेवली, मग कागद छापणाऱ्याला, मग त्या मुलीच्या वयाला. कचेरीतली मंडळी जवळ आली तसा त्यांचा सूर पालटला. वेळ ही मुळात गौणच गोष्ट आहे, असे ते समजावू लागले. शर्यत माणसाला नम्र करते. शर्यत माणसाला दुसऱ्याचा विचार करायला शिकवते. मंडळी माना डोलावत होती. रजेच्या अर्जांवर त्यांचीच सही लागायची.

तेवढ्यात कोच आला. त्याने साहेबांकडे पाहिलेही नाही.

‘वहिनी, थोडक्यात हुकलं हो तुमचं,’ तो म्हणाला. ‘वळणापर्यंत मी बघत होतो, आरामात आत येत होतात. मग झालं काय?’

‘दम लागला तिला,’ साहेब मध्येच म्हणाले. ‘नवशिकी आहे. होतं असं.’

बायकोने पाण्याचा घोट सावकाश गिळला.

‘दम नाही लागला,’ ती कोचला म्हणाली. ‘वाटेत हे लागले.’