तापणारं मशीन

"चाचा, मशीन तुमच्या खोलीत ठेवायचं, तर पसंत पण तुम्हीच करा," अबुजर म्हणाला आणि त्यानं दोन्ही मशिनं काउंटरवर शेजारी शेजारी मांडली.

गुलमंडीच्या मागच्या बोळात, कापडाच्या दुकानाच्या माडीवर त्याचं हे कॉम्प्युटरचं दुकान. मे महिन्याची दुपार. तात्यासाहेब स्टुलावर बसले होते आणि खरं सांगायचं तर अर्धे झोपेत होते. त्यांच्या मुलाला, अतुलला, सहा महिन्यांपासून बिटकॉइननं झपाटलं होतं. छतावर सोलर बसलेलंच आहे, आता घरी एक मशीन आणायचं. ते दिवसभर गणितं सोडवील आणि त्याचं आपल्याला काहीतरी मिळेल, असं तो म्हणे. गणितं कोणाची आणि सुटून भलं कोणाचं, हे तात्यासाहेबांनी दोनदा विचारून घेतलं होतं. तिसऱ्यांदा विचारायची त्यांना लाज वाटली.

"हे छोटं," अबुजर सांगत होता, "रेडिओएवढं. आवाज नाय, गरम होत नाय. कमाई पण तशीच, समझो चिल्लर. आणि हे मोठं. काम करतं, पण लई तापतं. अपने गाव की धूप में कूलरशिवाय चालणारच नाय."

"मोठंच घेऊ," तात्यासाहेबांची सून अपेक्षा म्हणाली. जरा घाईनंच म्हणाली.

"अगं, कूलर लागंल म्हणतोय तो," अतुल म्हणाला.

"घेऊ की. मामांच्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या आहेत."

"अन् पाणी? नळाला आठ दिवसाआड पाणी येतंय."

"टँकर मागवू."

अतुलनं क्षणभर विचार केला. "व्हय, टँकर मागवता येईल."

तात्यासाहेबांचे डोळे मिटलेले होते, कान नव्हते. एवढं सोपं होतं तर!

त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, दोन उन्हाळे कूलर मागितला होता. भांडून नाही, ताटात भाकरी वाढता वाढता. "आवंदा तरी घ्या वं." दोन्ही वेळा तात्यासाहेबांनी पाण्याचंच कारण पुढं केलं. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. मग त्या फरशीवर पाणी शिंपडायच्या आणि पदर पसरून तिथंच पडायच्या. तिसरा उन्हाळा त्यांनी पाहिलाच नाही, संक्रांतीच्या आधीच गेल्या. तिला नाही तर मला नाही, असं तात्यासाहेबांनी मनाशी पक्कं केलं. मार्चमध्ये अतुलनं कूलर आणला, तो त्यांनी त्याच टेम्पोतून परत पाठवला. एप्रिलात चक्कर येऊन न्हाणीत पडले. हे शरीर आता ऊन सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तरी ऐकलं नाही.

सुनेचा डाव आता त्यांच्या ध्यानात आला. बिटकॉइन अतुलचं होतं, पण तापणारं मशीन तिचं होतं. राग यायला हवा होता. आला नाही.

"आवाज ऐका," म्हणून अबुजरनं मोठं मशीन सुरू केलं. पिठाच्या गिरणीसारखी घरघर दुकानभर पसरली. मागून गरम झोत यायला लागला. कोण काय बोलतंय ते ऐकू येईना. तात्यासाहेबांची मान हळूहळू छातीवर आली, आणि त्यांना लक्ष्मीबाई दिसल्या. स्टुलाशेजारीच फरशीवर पडलेल्या, गाल गार लादीला टेकवलेला.

"पाय सरकवा की जरा," त्या म्हणाल्या.

त्यांनी पाय आत घेतले.

"पोरं कशाला आली हितं?"

"मशीन घ्यायला."

"अन् त्या मशीनला कूलर घेत्यात व्हय?"

"व्हय."

"मागितला का त्यानं?"

"नाय. त्याला कुठं तोंड हाय?"

लक्ष्मीबाई हसल्या. अगदी मनापासून, लादीवरचा गाल न उचलता. त्या हसण्यात टोमणा नव्हता, म्हणून तर तात्यासाहेबांना ते सोसेना. चाळीस वर्षांत त्यांनी बायकोला 'माझं चुकलं' असं कधी म्हटलं नव्हतं. आता म्हणावं असं वाटलं, शब्द ओठांपर्यंत आलेही, आणि तेवढ्यात अबुजरनं बटण दाबलं. घरघर थांबली. खाली फरशी होती, कोरडी आणि रिकामी.

"तर चाचा? कोणतं?"

"मोठं द्या."

अपेक्षानं सुस्कारा सोडला. अतुलनं मशीनची लांबी-रुंदी वितीनं मोजली. "ठेवायला एक टेबल करून घ्यावं लागंल, तात्या."

"टेबल कशाला? तुझ्या आईचा पलंग हाय की."

अतुलचा हात मशीनवरच राहिला. त्या पलंगावरची चादरसुद्धा तात्यासाहेब कोणाला बदलू देत नव्हते.

"चालंल ना?" त्यांनी अबुजरला विचारलं. "लाकडी हाय."

"चालेल, चाचा."

"मग कूलर समोरच्या खिडकीत बसवा. अन् त्याचं तोंड नीट पलंगाकडं करा. हिकडं तिकडं वारं जाता कामा नाय."

"बराबर है. हवा सीधी तिथंच पाहिजे."

अपेक्षाचा चेहरा उतरला. एवढं सगळं जुळवून आणलं ते कशासाठी, हे तिला मोठ्यानं म्हणता येईना. "पण मामा," ती कशीबशी म्हणाली, "तुमच्या अंगावर वारं कसं येणार मग?"

तात्यासाहेब काउंटरला धरून उठले. धोतराचा सोगा त्यांनी नीट केला.

"येईल की," ते म्हणाले. "तिला पुरून उरंल तेवढं."