वाचून दाखवणारं माणूस

घाटकोपरच्या सगुणाला दिसत नव्हतं. मोबाइलच तिला सगळं वाचून दाखवायचा. पण मुलीच्या शाळेच्या वेबसाइटवर सूचनांचे नुसते फोटो असायचे. तिथे मोबाइलही "चित्र" एवढंच म्हणून गप्प व्हायचा.

एका दुपारी वर्गाच्या बाईंचा फोन आला. "निशा दिवाळीपासून शाळेत आलेली नाही. वेबसाइटवर तुमच्या लॉगिनला कितीदा नोटीस टाकली!"

"रोज डबा घेऊन निघते हो ती! मला दिसत नाही, बाई. मोबाइलला वाचता येईल असं लिहून टाका ना."

"ते आमच्या हातात नाही. घरात वाचून दाखवायला कुणी नाही का?"

"आहे ना," सगुणा पुटपुटली. "निशाच वाचते. परवाची नोटीसही तिनेच वाचली. म्हणाली, आई, बाईंनी माझं कौतुक लिहिलंय."