फरार

देगलूरच्या स्टँडवर उतरून हवालदार शिवप्पा गल्लीत शिरले. रस्ता बघायची गरजच नव्हती. सोळा वर्षं, दर महिन्याला एक खेप. याच गल्लीतला संगमेश घर सोडून जंगलात गेला, बंदूकवाल्यांचा म्होरक्या झाला, आणि पोलीस पथकानं त्याच्या आईच्या घरावर शिवप्पांना जे चिकटवलं ते चिकटवलंच. केस गेले, साखर आली. लेकीच्या हळदीलासुद्धा हा हवालदार तेलंगणाच्या झाडीत दबा धरून बसला होता.

आणि संगमेश? मागल्या महिन्यात शरण आलेल्या एकानं सांगितलं, तो चार वर्षांखालीच हिवतापानं मेला. जागाही दाखवली. हाडं तपासली, खात्री पटली. म्हणजे चार वर्षं अख्खं पथक मेलेल्या माणसाच्या मागं पळत होतं! आता आईला खबर द्यायची, कागदावर अंगठा घ्यायचा, की सुटलो एकदाचे.

दारात संगमेशची बहीण मंजुश्री तूर पाखडत बसली होती. तिनं शिवप्पांकडून सगळं ऐकलं, पण सूप काही थांबलं नाही.

"ठाऊक हाय, काका. तवाच निरोप आला होता."

शिवप्पांच्या मस्तकात तिडीक गेली. "अगं, मग बोलायचं न्हाई? चार वर्षं पाय झिजवले आम्ही!"

"हळू बोला." तिनं आत पाहिलं. "अव्वाला न्हाई सांगितलं. सांगणारच होते, तर तुम्ही आलात. संगमेश आला होता का, म्हणून विचारून गेलात. त्या दिवशी अव्वानं दोन भाकरी खाल्ल्या. म्हणली, पोलीस हुडकून राहिलेत म्हंजी लेकरू जितं हाय. मग दर महिन्याला तेच. तुमच्याच भरवशावर जगली ती, काका."

राग होताच, पण काढायचा कुणावर?

"कोन हाय गं? शिवप्पा का?" आतून आवाज आला.

गौरम्मा बाजेवर उठून बसली होती. नजर कधीच गेली होती, पण बुटांचा आवाज ती बरोबर ओळखायची.

"ये बाबा. सापडला का माझा संगमेश?"

शिवप्पांनी खिशातला कागद चाचपला. मंजुश्री चौकट धरून उभी होती. म्हातारी मान वर करून उत्तराची वाट बघत होती.

"कुठला सापडतोय!" शिवप्पांनी हात खिशातून काढला. "लई बेरका हाय तुमचा पोरगा. परवा हातात आला होता, निसटला."

गौरम्मा हसली. दात नसलेल्या तोंडानं, अगदी पोटभर.

"मंजे, च्या ठेव. दूध जास्त घाल," ती म्हणाली. "दमलाय बिचारा. अजून लई पळायचंय त्याला."