चिठ्ठीवरचं तेरावं नाव

"अप्पांचं वाचून व्हायचंय अजून," हयवदन म्हणाला. "तेराव्याला ते जातील. मग घेऊन जा."

त्रिविक्रम येलहंक्याच्या त्या घराच्या ओट्यावर, उंबऱ्याबाहेर उभा होता. हयवदनच्या वडिलांना, भीमाचार्यांना, जाऊन नऊ दिवस झाले होते. समोरच्या खोलीत जमिनीवर दिवा तेवत होता आणि दिव्याशेजारी पाटावर एका अमेरिकन तांत्रिक मासिकाचा विशेषांक होता. विषय, ऑपरेटिंग सिस्टिम्स.

अंकावर भीमाचार्यांच्या आणि त्रिविक्रमच्या बेंगळूरच्या ऑफिसातल्या ग्रंथालयाची चिठ्ठी चिकटवलेली होती. चिठ्ठीवर चौदा नावं, हुद्द्याप्रमाणे. ज्याची पाळी त्यानं वाचायचं, सही करायची, तारीख घालायची, मग अंक पुढच्याकडे. अंक जानेवारी अडुसष्टचा होता. आता सप्टेंबर चालला होता. तेरावं नाव भीमाचार्यांचं, चौदावं त्रिविक्रमचं. भीमाचार्य गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी शिपाई मल्लाप्पानं अंक त्यांच्या घरी आणून दिला. माणूस वारला तर काय करायचं हे नियमांत नव्हतं, आणि नियमांत नसलेलं मल्लाप्पा करत नसे.

त्रिविक्रमची मुलाखत उद्या सकाळी दहाला होती. ऑफिसात नवा कंप्यूटर येणार होता आणि तो चालवायला एकालाच घेणार होते. बाकीच्यांनी जन्मभर कार्डांना भोकं पाडायची. प्रश्न मोठे साहेब विचारणार. चिठ्ठीवर पहिलं नाव त्यांचं होतं आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला अंक हा एवढाच, असं ते स्वतःच सांगत.

"अण्णा, एका रात्रीपुरता द्या. उद्या आणून ठेवतो."

"आणि आज रात्री अप्पांनी काय वाचायचं?"

हयवदन थट्टा करत नव्हता. त्रिविक्रमनं त्याच्या मुंडण केलेल्या डोक्याकडे पाहिलं, सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तरही नियमांत नव्हतं.

आतून कृष्णाबाई आल्या. भीमाचार्यांची बायको. "स्वल्प थांब रे हयवदना. न्यायचा नाही ना? मग इथंच बसून वाचू दे त्याला."

सुतकातल्या घरातल्या माणसाला शिवायचं नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. कागदाला सुतक असतं का, हे तिघांनाही नक्की ठाऊक नव्हतं. म्हणून असतं असं धरलं. त्रिविक्रम वही घेऊन ओट्यावर बसला. कृष्णाबाईंनी पाट उंबऱ्यापाशी आणला, अंक त्याच्याकडे तोंड करून उघडला आणि स्वतः आतल्या बाजूला बसल्या.

"पुढे?"

"पुढे."

पान उलटायचं. त्रिविक्रम मान वाकडी करून उतरवून घ्यायचा. एकदा त्यांनी दोन पानं एकदम उलटली. 'मागे' म्हणायला त्याची जीभ रेटेना. अठ्ठावन्न आणि एकोणसाठ या पानांवर त्यानं पाणी सोडलं.

"काय लिहिलंय रे यात एवढं?"

"यंत्र एक असतं, काकू, आणि कामं पुष्कळ. पाळी कुणाला द्यायची, थांबायचं कुणी, ते लिहिलंय."

"म्हणजे आमचा कोपऱ्यावरचा नळ."

"नळच."

"आणि एखादा घागर लावून तसाच बसला तर? उठेचना तर?"

"मग मागचे सगळे खोळंबतात. म्हणून यंत्र थोडा वेळ वाट बघतं आणि त्याला काढून टाकतं."

"त्याला न विचारता?"

"तो उत्तर देत नसतो, काकू."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. त्यानं वहीत डोकं घातलं. भिंतीला टेकलेला हयवदन दिव्याकडे बघत राहिला.

"चिठ्ठीवर ह्यांच्या मागे कोण आहे?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"मी."

"सरी, बरं तर. पेन दे."

त्यानं पेन उंबऱ्यावर ठेवून हात मागे घेतला. मग त्यांनी ते उचललं.

"अम्मा, अजून चार दिवस आहेत," हयवदन म्हणाला.

"असला अंक तुझ्या अप्पांनी कधी चार पानांपुढे वाचला का? उशाशी घेऊन झोपायचे. सकाळी मी गालावरची शाई पुसायची." त्यांनी चिठ्ठी सरळ केली. "झालं त्यांचं वाचून."

लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. आताही घेतलं नाही. एकेक अक्षर थांबून थांबून, कोरल्यासारखं लिहिलं. सहीच्या चौकटीत ते मावलं नाही. 'र्य' त्रिविक्रमच्या ओळीत उतरला.

"तारीख पण घालायची ना?"

"हो. वाचून झालं त्या दिवसाची."

त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि घातली. मग अंक मिटून उंबऱ्याबाहेर सरकवला आणि रिकामा पाट उचलून दिव्याजवळ नेऊन ठेवला, पूर्वी होता तिथंच.

रस्त्यावर आल्यावर त्रिविक्रमनं चिठ्ठी पाहिली. तारीख, अंक त्या घरी पोचला त्याच्या आदल्या दिवसाची होती, भीमाचार्य गेले त्या दिवसाची.