हात लावू नये

दारात आल्या आल्या वडिलांचा हात सवयीने डाव्या भिंतीवरच्या बटणाकडे गेला. खट् झालं. दिवा काही लागला नाही.

"ते नुसतं बसवलंय, बाबा," लेक म्हणाली. "आत वायर नाही."

परक्या देशातल्या त्या कलादालनात तिने आईचं स्वयंपाकघर जसंच्या तसं उभं केलं होतं. फडताळ, डबे, बुडाशी काळं पडलेलं पातेलं, ओट्यापाशी स्टूल, खुंटीला आईचं हात पुसायचं फडकं. सगळं खरंखुरं. आई गेल्यावर तिनेच हे घरून आणलं होतं, आणि लाकडी पेट्यांना खिळे वडिलांनी ठोकले होते, एकही वाकडा न जाऊ देता.

इतकी वर्षं इथे राहून तिला कुणी आपलं म्हटलं नव्हतं. या खोलीने ते घडवलं. लोक आत यायचे आणि डोळे पुसत बाहेर पडायचे. आता बाबांनी एकदा बघून "हेच ते" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

वडील मात्र उंबऱ्यातच घुटमळले. आई असताना त्यांना आत थारा नव्हता. "पायात पायात येऊ नका, चहा झाला की हाक मारते," हे तिचं रोजचं पालुपद. लेकीने कोपराला धरलं तेव्हा कुठे ते आत आले.

"स्टूल जरा तिरकं हवं. तिचा गुडघा आपटायचा ओट्याला," ते म्हणाले. मग पातेल्यात डोकावले. "यातलं तू काहीच वापरत नाहीस?"

"बाबा, हे बघण्यासाठी आहे."

"असं होय. पेट्या ठोकताना मला वाटलं, पोरीला रांधायला चार भांडी होतील."

फडताळात त्यांचा कप होता, कान तुटलेला. त्यांनी हात पुढे केला तशी कोपऱ्यातली पहारेकरीण लगबगीने आली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली.

"हात लावायचा नाही म्हणतेय," लेक म्हणाली.

वडील हसले. "तिला सांग, हा कप धरणं माझ्याशिवाय कुणाच्या बापाला जमलेलं नाही. बोटं भाजतात."

लेकीने पहारेकरणीकडे बघून नुसती मान डोलावली.

"त्या पाटीवर काय लिहिलंय?"

"मागे राहिलेलं घर."

"मागे कुठे राहिलंय? सगळं तर तू इथे आणलंस. तिकडे आता मी खोकलो तरी घुमतं." त्यात तक्रार नव्हती. हवापाण्याचं सांगावं तसं ते बोलले. पेट्या भरताना रिकामी भिंत लेकीने पाहिली होती, पण त्या भिंतीसमोर रोज उठणारा माणूस तिला दिसला नव्हता.

"जाताना हा एवढा कप नेऊ का?" त्यांनी विचारलं.

तिने खाली बघितलं. "हे सगळं या कलादालनाने विकत घेतलंय, बाबा. मी सही करून बसलेय."

"सगळं?"

"ते फडकंसुद्धा."

त्यांनी मान हलवली. आत थोडीच माणसं सोडत होते आणि बाहेर लोक खोळंबले होते, म्हणून दोघं निघाली. ती त्यांचा कोट आणायला गेली. परत येऊन पाहते तर वडील रांगेच्या शेवटी जाऊन उभे.

"तुम्हाला कशाला हवी रांग? मी सांगते ना त्यांना, हे घरचेच..."

"असू दे गं," वडील म्हणाले. "आतून हाक आल्याशिवाय मी कधी गेलोय?"

रांग पुढे सरकली. वडील जागचे हलले नाहीत.